अकरा मिनिटं

नाटकात मॅनहोल हवं होतं.
थर्माकोलचं नको, गायसमुद्रे म्हणाला,
लोकांना वजन ऐकू आलं पाहिजे.
मग धीरू मकवाणाने चौकीतून खरं झाकण आणलं,
हातगाडीवर, गोणपाटाखाली,
आणि मुकादम नेमका तेव्हाच
चष्मा पुसत बसला.

माझी जागा झाकणाखाली.
दोन लेव्हलांच्या मधल्या फटीत
वही, टॉर्च आणि मी. प्रॉम्प्टर.
सगळ्यांचे संवाद गटारातून वर जायचे.
यात काही अर्थबिर्थ नव्हता,
विंगेत जागाच नव्हती.

दुसऱ्या अंकात धीरू खाली उतरतो,
कमरेला दोर, आणि माझ्याशेजारी उकिडवा बसतो.
तो मेलेला असतो. बडीशेप चघळत असतो.
वर तिघं दोर ओढत राहतात,
हा दोन्ही पाय फळीला टेकवून
स्वतःला खाली धरून ठेवतो.
अकरा मिनिटं. एकही संवाद नाही.
वहीत त्या जागी कोरं पान आहे,
त्यावर पेन्सिलीने एवढंच : थांब.

परळच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालं.
परीक्षकांचा शेरा : आशय प्रामाणिक.
झाकण उचलण्याचा अभिनय अस्सल.
मृत्यूचा प्रवेश रेंगाळतो,
तीन मिनिटांत आटोपावा.

समाजमंदिरात त्यावर रात्रभर वाद.
कुणी म्हणालं पाच करू, कुणी चार.
सुनंदाबाई वाघचौरे मोरीशी कप विसळत होत्या,
तालमीचा चहा त्यांच्याकडे असतो.
पाठमोऱ्याच म्हणाल्या,
अकराच कशी लिहिलीत?
बंब यायला पाऊण तास लागलेला.
तेव्हा कोणी नाही म्हणालं, आटोपा.

वाद तिथंच संपला. कपांचा आवाज तेवढा राहिला.

मग वसाहतीतला प्रयोग,
जयंतीच्या आदल्या रात्री, चेंबूरला.
पुढं सतरंजीवर पोरं, मागं बायका,
कडेला बाकांवर रिटायर झालेले.
धीरू उतरला. बसला. मेला.
मी घड्याळावर टॉर्च मारला.

चौथ्या मिनिटाला वर पावलं वाजली,
आमच्यातली नव्हती.
फटीतून दिसलं : कुणीतरी चपला काढून
स्टेजवर चढलंय.
अंगठ्याला नख नाही. भालेकर नाना.
तेहतीस वर्षं नोकरी.
दोराला हिसका बसला.

मग आणखी पावलं. पैंजणांची, भेगांची,
एक प्लास्टर घातलेलं.
सगळ्यांनी चपला काढलेल्या.
कुणी ओरडत नव्हतं,
नुसता श्वास, आणि दोर लाकडावर घासल्याचा आवाज.
सुनंदाबाईंचे पाय मी शोधले.
त्यात नव्हते.

धीरूने फळी गच्च धरली.
किती झाली, त्याने ओठांनी विचारलं.
सात, मी बोटांनी सांगितलं.
अजून चार धरायची होती.
त्याचे पाय थरथरत होते
आणि वर माणसं वाढत होती.

तो निसटला.
निसटला की सुटला, मला अजून ठरवता येत नाही.
दोरासोबत वर गेला,
आणि चाळीस माणसांच्या मधोमध
जिवंत उभा राहिला.

वहीत पुढं लिहिलं होतं : प्रेत वर येतं. आक्रोश.
जिवंत वर आलेल्या माणसाला
आमच्यापैकी कुणी संवाद दिलाच नव्हता.
धीरू भोकात वाकून माझ्याकडे बघायला लागला.
गायसमुद्रे बघायला लागला.
नाना दोर हातात घेऊन बघायला लागले.
माझ्या टॉर्चखाली कोरं पान.

तेव्हा चहाच्या टेबलाकडून आवाज आला.
धीरूला एरवी अरे-तुरे करणाऱ्या सुनंदाबाई,
न वळता, रोजच्या आवाजात,
आधी पाय धुवा,
मग आत या.

ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय.

पुढचा प्रयोग भांडुपला झाला.
हॉल चांगला होता, पंखे चालू होते.
कुणी उठलं नाही.
अकरा मिनिटं पुरती भरली.