हातचा

हॅनकॉकला ऑक्टोबरातच खिडक्यांना वाफ धरते.
बूट शिवणाऱ्याच्या दुकानावर आमची कचेरी,
पायऱ्या तेवीस. गुडघे दुखणारे अशील
पंधराव्या पायरीवर थांबतात, मला ऐकू येतं.
एकतीस वर्षं मी इथे टंकते आहे
घसरून पडलेल्यांचे दावे
आणि अजून न पडलेल्यांची मृत्युपत्रं.

वाइनो लाहती आला तेव्हा उजवी बाही
सेफ्टी पिनेनं दुमडलेली.
भाड्यानं आणलेलं लाकूडफोडीचं यंत्र,
आडोसा तुटलेला, दुकानदाराला ठाऊक असलेला.
हात दाखवून अवलक्षण कशाला, तो म्हणत होता.
आयलीनं ऐकलं नाही. पावत्या तारखेनं लावलेल्या,
वर शिवणाच्या दोऱ्याची गाठ.

सिग्रीडबाई वकील. त्यांनी विचारलं,
काय काय करता येत नाही आता?
तो गप्प. आयलीच बोलली:
बटणं. बरणीची झाकणं. होडीची दोरी.
झोपेत माझ्या पाठीवर असायचा.
एवढं बोलून तिनं कोट घालून घेतला,
हीटर चालू असताना.
मी टंकलं: सहवासाची हानी.
पुढे डॉलरचं चिन्ह, आणि रिकामी जागा.

विमा कंपनीच्या माणसानं हिशेब मांडला.
वय एकाहत्तर, म्हणून इतके वजा.
निवृत्त, म्हणून मजुरी शून्य.
सांधेदुखीचा जुना कागद निघाला, आणखी वजा.
शाळेत बाई सांगायच्या, हातचा विसरू नका.
त्या कागदावर हातचा
कुणी धरलाच नव्हता.

तीन वर्षं, पत्राला पत्र.
मध्येच एका मंगळवारी तो एकटा आला.
मृत्युपत्र करून टाकू, खर्च किती?
घर आयलीला, तिच्यामागे तिघा पोरांना सारखं.
होडी मधलीला, इंजिन तिलाच कळतं.
धाकट्याचं उसनं माफ,
पण आकडा लिहा, त्याला कळू दे.
मग कलम सहा:
दर ऑक्टोबरात माझ्या पैशातून
लोकरीच्या अस्तराचा, कातडी हातमोज्यांचा एक जोड घ्यावा
आणि उजवा स्टेफान यर्मानला द्यावा.
सिग्रीडबाईंनी चष्मा काढला. आणि डावा?

डावा मी घालतो ना.
तो शेजारी माझा. त्याचा डावा खाणीत गेला, एकोणसाठ साली.
दावाबिवा केला नाही त्यानं,
मुकादमानं नाताळला हॅम पाठवलं, तेवढंच.
निम्मे पैसे तो देतो.
माझ्यानंतर घेऊ नका त्याच्याकडून.

तुमच्यानंतर डावा कोण घालणार,
हे त्या खोलीत तिघांपैकी कुणी बोललं नाही.
सही त्यानं डाव्या हातानं केली,
शाळकरी पोरासारखी, जीभ दातांत धरून.
साक्षीदार मी, आणि खालचा बूटवाला,
पॉलिशचा वास घेऊन वर आलेला.

फेब्रुवारीत तो गेला. एप्रिलात तडजोड झाली.
चेकवर नाव त्याचं नव्हतं,
त्याच्या मालमत्तेचं होतं.
आयलीनं आकडा वाचला. विचारलं,
यातलं सहवासाचं कुठलं?
मी तपशिलाच्या कागदावर बोट ठेवलं.
बराच वेळ ती तिथेच बघत होती,
मग म्हणाली, जिन्यावर अजून बर्फ आहे का गं?

ऑक्टोबरात जोड मीच आणला.
यर्माननं उजवा दातांनी ओढून चढवला,
बोटं मिटून उघडून पाहिली,
टेबलावर उरलेल्याकडे बघायचं टाळलं.
आमच्या कागदांत शेवटचं कलम ठरलेलं असतं,
मी न बघता टंकते:
वर न नमूद केलेलं, उरलंसुरलं सारं, पत्नीस.
मी पाकिटावर आयलीचा पत्ता घातला.

चार ऑक्टोबर झाले.
पोचपावतीवर तिची सही येते,
एकही डावा परत आलेला नाही.