नेटखालून

दोन मीटर चोवीस.
बायकांच्या नेटची उंची मला झोपेतही सांगता येते,
चार वर्षं तिच्याखाली घाम गाळलाय.
पण पाचपावलीच्या या मनपा शाळेत
मी टेप आणलाच नाही.
आर्यवीर उईकेला म्हटलं, खुर्चीतूनच हात वर कर.
त्याचं मधलं बोट जिथं संपलं
तिथं लिंबाच्या खोडावर खडूची रेघ मारली.
तेवढीच उंची.

नेट जुनं, तीन जागी उसवलेलं.
बाबांच्या मागावरचं उरलेलं सूत घेऊन
रात्री कूलरसमोर बसून सांधलं.
माग विकून नऊ वर्षं झाली,
बाबांची नजर मात्र तशीच,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
"धोटाच आहे न व तुमचा बॉल," म्हणाले,
"फक्त कापड निघत नाही."

मार्च. सकाळची शाळा. साडेनऊलाच पत्रे तापतात.
पहिले आठ दिवस नुसता फुगा.
फुग्याला घाई नसते,
ज्याचा हात उशिरा उठतो त्याच्यासाठीही तो थांबतो.
मग बॉल, त्यावर किराण्याची पन्नी आवळलेली,
कारण इनायाला तो दिसत नाही.
पन्नी सळसळली की ती कपाळापुढे बोटं उघडते,
आणि बाकीचे सगळे श्वास धरून गप्प.
एवढी शांतता मी या मोहल्ल्यात ऐकली नव्हती.

शिट्टी कपाटात आहे.
ती वाजली की पलाश कान दाबून
टाकीमागे जाऊन बसायचा,
म्हणून आता लाल दुपट्टा हलवते.
पहिल्याच दिवशी दुपट्ट्यावर सगळ्यांच्या आधी पळाली देवयानी,
रोज मागे राहणारी,
जिला शिट्टी कधी ऐकूच आली नव्हती
आणि चार महिने
मी तिला आळशी म्हणत होते.

आम्ही गुण मोजत नाही.
बॉल पडेपर्यंत किती हात लागले ते मोजतो.
विक्रम अकराचा.
तन्मेश नंदनवारला हे पटत नाही.
वर्गात सगळ्यात उंच, उडी मारली की फांदीला हात.
"मॅडम, हे काही व्हॉलीबॉल नाही न."
"मग काय आहे?"
"टाइमपास."
मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं.

त्या शुक्रवारी सर्व्हिस आर्यवीरची.
बॉल मांडीवर.
हात त्याचाच, पण दरवेळी त्याचं ऐकतो असं नाही.
एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.
मागून कोणी म्हणालं, टाक न बे.
मी मदतीला पुढे सरकले.
पन्नी त्याच्या बोटांखाली हळूहळू वाजत होती.
"थांबा मॅडम," इनाया म्हणाली,
"तो ठरवून राह्यला."

आणि त्यानं बॉल टाकलाच नाही.
नुसता सोडला.
गुडघ्यांवरून, खुर्चीच्या पायपट्टीवरून, मातीत,
गडगडत,
नेटखालून.

सगळे माझ्याकडे पाहू लागले.
नियमानं हा सरळ फाऊल,
चार वर्षं अंगात मुरलेला.
माझा हात दुपट्ट्याकडे गेलाही,
तेवढ्यात तन्मेश आडवा झाला,
पांढऱ्या शर्टासकट पोटावर,
आणि दोन्ही मुठींनी बॉल परत धाडला,
खालूनच.
"दोन!" पलाश ओरडला.
पलाश. ओरडला.

सतरा झाले त्या दिवशी.
काही वरून, काही खालून,
एक तर चाकाला लागून, तोही धरला.
अठराव्याला बॉल नालीत.

दुसऱ्या दिवशी तन्मेशची आई शर्ट घेऊनच आली,
"काय शिकवता व मॅडम तुम्ही?"
पुन्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.
शर्ट मी धुऊन दिला. डाग थोडा राहिला.

केंद्रप्रमुखांना पाठवायच्या तक्त्यात
एक रकाना आहे, सर्व्हिसचा प्रकार,
आणि छापलेले पर्याय दोनच:
हात वरून, हात खालून.
आर्यवीरच्या नावापुढे
मी 'हात' तेवढं खोडलं
आणि 'खालून'वर टीक केली.