पिवळं लेबल

मंगळवारी रात्री, कडी दोनदा तपासून,
मोबाइलचा टॉर्च लावला
आणि आईच्या पावडरच्या डबीतला आरसा खाली नेला.
तीन फोड. भिजलेल्या साबुदाण्याएवढे.
दोन दिवसांनी चतुर्थीची खिचडी पुढ्यात आली,
मी म्हटलं, आज उपास नाही धरत,
आणि शिळी पोळी चहात बुडवली.

अंबडला, स्टँडर्ड रूममध्ये, मी मापं तपासते.
हिरवं लेबल पास, लाल रिजेक्ट,
ज्याचं काय ते ठरत नाही त्याला पिवळं:
तळाचा कप्पा, कुणी हात लावायचा नाही.
त्या आठवड्यात माझ्या हातून
चांगल्या बुशिंगनाही पिवळं लागलं.
पाटोळे सर म्हणाले, डोळे दुखतायत का?
हो म्हटलं.
दुखत होतं ते पाथर्डी फाट्याच्या
प्रत्येक गतिरोधकाला.

बाथरूममध्ये साबण दोन झाले.
टॉवेल गच्चीत वेगळ्या दोरीवर.
हे काय नवीन? आईने विचारलं.
घामोळं.
जानेवारीत. निफाडला पारा पाचावर असताना.
आई काही बोलली नाही,
माझी दोरी सैल होती ती तिने ताणून बांधली.

शरणपूर रोडला गाडी तीन गल्ल्या अलीकडे लावली.
नाव खरं सांगितलं, आडनाव आजोळचं.
कासलीवाल डॉक्टरांनी पाहिलं,
कापसाच्या काडीने नमुना घेतला,
हर्पीस वाटतोय, म्हणाल्या, रिपोर्ट येऊ दे.
नागीण?
लहानपणी शेजारच्या भिकामामांच्या कमरेला निघाली होती,
गेरू लावायचे,
आणि आम्हा पोरांना पक्कं माहीत होतं
की तोंड शेपटीला भिडलं की माणूस संपला.
(भिडलं नाही. भिकामामा अजून
पंचवटीत भाजीवाल्यांशी भांडतात.)
"तिची चुलत बहीण म्हण," डॉक्टर म्हणाल्या.
"ही विळखा घालत नाही. मणक्याच्या तळाशी
नसेच्या मुळात झोपून राहते. मधूनच उठते.
पुढेपुढे कमी उठते. गोळ्या आहेत."
कधीपासून असेल?
"ते नाही सांगता येत. महिना. सात वर्षं."

सात वर्षांत माणसं दोन.
एक कोर्टात सही करून गेला,
पेन माझंच घेऊन.
दुसरा श्रीरंग, जो आईला अजून माहीत नाही.
मी बोट उचललं
आणि ते कुणाकडे करावं कळेना.
बराच वेळ तसंच होतं, मग त्याच बोटाने
लिफ्टचं बटण दाबलं.

लॅबमधली मुलगी फोनवर म्हणाली, पॉझिटिव्ह आहे मॅडम,
पार्सल आलंय अशा सुरात.
मी रडेन असं वाटलं होतं.
आधी भूक लागली.

श्रीरंगचं ओझरला दुकान, द्राक्षांच्या औषधांचं.
आडगाव नाक्यावर, टपरीमागच्या बाकावर सांगितलं.
अकरा वेळा घोकलेलं वाक्य
बाराव्या वेळी उलटंच निघालं तोंडातून.
त्याने विचारलं, दुखतं का?
मग ग्लास फिरवत राहिला.
मग, मलाही असेल?
असेल. नसेलही. दाखवून घे.
बरं, म्हणाला, आणि गेला.
दोन दिवस फोन नाही. मी मोजत नव्हते,
फक्त चार्जिंग मोजत होते.

तिसऱ्या रात्री:
"बागाईतदार येतात, विचारतात, भुरी कायमची गेली ना?
जात नसते, मी सांगतो. दिसत नाही एवढंच.
हवा बघून राहायचं, फवारणी वेळेवर."
थोडा थांबला.
"तुला नव्हतो सांगत. दुकानातलं सांगत होतो."
कळलं, मी म्हटलं.
"सोमवारी जातोय दाखवायला. कासलीवालच ना?"

आता ती उठायच्या आदल्या दिवशी
डाव्या मांडीत मुंग्या येतात.
मी गोळी घेते, श्रीरंगला "आज हवा खराब" एवढाच मेसेज,
कामावर जाते. काही दिवशी तरीही
शिफ्ट संपेपर्यंत कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

काल टॉवेल आईच्या लुगड्याशेजारी घातला.
तिने पाहिलं.
गेलं का घामोळं?
नाही. पण काय आहे ते कळलं.
बरं, म्हणाली,
आणि तोंडातला चिमटा काढून
माझ्या टॉवेलला लावला.