आलेखाचा कागद, इयत्ता सातवी

मुलाणी बाईंनी फळ्यावर दोन रेषा ओढल्या.
आडवी म्हणजे दिवस,
उभी म्हणजे हजर मुली.

जत तालुक्यातली आमची शाळा,
चार महिन्यांचा हजेरीपट,
कोपरे उंदरांनी खाल्लेले.
बिराप्पा आकडे वाचत गेला,
मी ठिपके देत गेले.
जोडले, तर रेषा
बुडते, वर येते, बुडते,
पोहऱ्यासारखी.
मंगळवारी खाली. शुक्रवारी खाली.
पोरं म्हणाली, बाजार असेल.
बाजार तर सोमवारी असतो.

मग बाईंनी लाल पेनानं
पंचायतीतली टँकरची वही
त्याच कागदावर उतरवली.
टँकर येतो तिथं
आम्ही नसतो.

वर्गात कुणीच काही बोललं नाही.
बिराप्पानं खोडरबर पुढं केलं,
जसं काही माझंच गणित चुकलंय.

बारा मार्चचा ठिपका सगळ्यांत खाली.
त्या दिवशी टँकर दोनदा आला होता.
त्या ठिपक्यात मी नाही,
त्याच्या वरच्या रिकाम्या चौकटीत आहे,
काखेत कळशी,
रांगेत एकेचाळिसावी.

ग्रामसभेत कागद भिंतीला डकवला.
सरपंचांनी चष्मा पुसला,
मान वाकडी करून पुष्कळ वेळ बघितलं,
आणि विचारलं,
"बाई, हा उलटा तर लावला नाही ना?"