उंची, फुटांत

दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये
भंगारवाल्याच्या आधी मी पोचलो.
चौतीस वर्षं ज्या एक्स-रे मशीनसमोर उभा होतो
तिचं पॅनल चारशे रुपयांना मिळालं,
वर दोन चहा.

तिची बटणं माझी बोटं ओळखतात.
डावीकडलं फिरवलं की पूर्वी किलोव्होल्ट वाढायचे,
आता इंधन पातळ होतं.
काम बदललं, खोड तीच :
सातव्या खाचेवर अडकतं अजून.

थ्रॉटलची दांडी दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीची.
पायाखालचे रडर खाटेच्या पट्ट्यांचे,
माघारी यावेत म्हणून सायकलची ट्यूब ताणून बांधली.
सुकाणूला कुबड्यांच्या दोन मुठी,
कुणाच्या तरी तळव्यांनी आधीच गुळगुळीत केलेल्या.

मुलगा पुण्याहून म्हणाला,
पपा, तयार मिळतं की हे. आठ हजारांत.
म्हटलं, विमानही तयार मिळतं.

पण सरळ जाईना.
हात न लावता डावीकडं कलायचं, थरथरायचं.
आत रेडिओच्या आवाजाला असतो तसला
वीस रुपयांचा पार्ट, तो मध्यावर ठरेना.
तीन बदलले. तिन्ही तसलेच.
शेवटी दस्तगीरचाचांना बोलावलं,
जन्म सतारी करण्यात गेला त्यांचा.
त्यांनी मूठ हलवली, डोळे मिटले,
म्हणाले, याची जवारी बसलेली नाही.
खिशातून सुती दोरा काढून
दांडी आणि भोकाच्या फटीत दोन वेढे दिले,
कानशीनं जरासं घासलं.
विमान गप्प.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले, सवडीनं वर न्या एकदा,
गुडघे दुखतात, जिना नको फक्त.

तबकड्या बाद फिल्मच्या केल्या.
काळ्यावर सुईनं आकडे कोरायचे,
मागून पिवळा दिवा.
उंची दाखवणाऱ्या काट्यामागं
कुणाच्या तरी बरगड्या दिसतात.
नाव मी कापून टाकलंय.
हललेली फिल्म आहे, म्हणजे
मी ‘श्वास धरा’ म्हटलं असणार आणि तो खोकला असणार.
शून्य त्याच्या गळपट्टीच्या हाडाशी येतं,
दोन हजार हृदयाच्या सावलीवर.
असं ठरवून केलेलं नाही.

काल कोल्हापूरहून उडालो.
पंचगंगा धरून संगमापर्यंत,
तिथून डावीकडं, कृष्णेच्या उलट्या अंगानं.
जंक्शनचे रूळ सापडले, चहूकडं फुटलेले,
म्हणून कळलं की ही मिरज.
दवाखाना नव्हता.
नुसत्या एकसारख्या करड्या पेट्या, खिडक्या रंगवलेल्या.
आमच्या घराच्या जागी
संगणकानं तीन झाडं लावलीत.

एस्तेर मागं उभी होती, भाजीचे हात पुसत.
आंब्याची का? तिनं विचारलं.
एवढ्या वरून कळत नाही, म्हटलं.
मग स्टूल ओढून बसली. मी काय धरू?
तिच्याच शिवणयंत्राचं चाक ट्रिमला लावलंय,
विचारून घेतलेलं.
ते धर. सांगेन तेव्हा, एवढंसंच.

परतलो.
कोल्हापूरची जमीनच समुद्रापासून दोन हजार फुटांवर,
त्यामुळं आमचं टेकणं
नेहमी त्या माणसाच्या हृदयापाशी.
काटा बरगड्यांवरून मागं सरकत होता,
धावपट्टी रुंद होत होती,
ट्यूब करकरली,
आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं :
श्वास धरा. हलू नका.

एकदा उसळलं. पुन्हा टेकलं.
कडेच्या गवतात जाऊन थांबलं, नाक वाकडं.
इंजिन बंद केलं, दिवे राहू दिले.

एस्तेरचा हात चाकावर तसाच.
सोडू का आता, तिनं विचारलं,
ओठ जेमतेम हलवत.