डोळेझाक

मर्थरमध्ये अजून कुणी त्याचं नाव काढलं
की बिअरचा ग्लास खाली ठेवून म्हणतात,
"गेथिन प्रॉसर? माती केली त्यानं स्वतःची."
आणि मी, निवृत्त डॉक्टर, मूळचा मिरजेचा,
माझ्या लेमोनेडमधला बर्फ ढवळत राहतो.

चौदा लढती. चौदाही जिंकलेल्या.
बेथेल नावाच्या बंद पडलेल्या चॅपलमध्ये रिंग होती,
प्रवचनाच्या ओट्यावर बादल्या, टॉवेल,
भिंतीवर स्तोत्रांचे क्रमांक लावायची पाटी तशीच,
तिच्यावर पोरं राउंड मोजायची.
मी महिन्यातून दोनदा जायचो, नाड्या बघायला.
मिरजेच्या तालमीतला आणि इथला घाम एकच,
फक्त इथे त्यात ओल्या लोकरीचा वास.

गेथिनचा डावा हात मी पाहिलाय असं म्हणणं चूक.
तो निघताना कधी दिसला नाही.
पोचलेला दिसायचा.
समोरचा खाली बसायचा,
हरवलेलं बटण शोधायला बसावं तसा.

मग नोव्हेंबरातला एक मंगळवार, शेवटचा पेशंट.
खोकल्याचं औषध न्यायला आलो म्हणाला.
खोकला नव्हता.
"डावीकडून पडदा सरकतोय, डॉक्टर. काळा."
मी त्या बाजूला बोटं धरली.
"किती?"
"तुम्हीच सांगा."

कुणाचा ठोसा, विचारलं.
बाहेर दोन बसेस येऊन गेल्या.
एमलिनचा, म्हणाला. धाकट्याचा.
सराव संपल्यावर, हेल्मेट काढल्यावर,
सोळा वर्षांच्या पोरानं लाडानं फिरवलेला हात.
"त्याला कळता कामा नये."

कार्डिफला ऑपरेशन झालं,
आईला सांगितलं, एका मुलीला भेटायला गेलो होतो.
थोडा उजेड वाचला. दार उघडं आहे की बंद, एवढा.
बॉक्सिंग मंडळाला कळवणं माझं काम.
फॉर्म होता, पेन होतं.
"नका लिहू. मी तपासणीला येणारच नाही,
लायसन आपोआप मरेल."
आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी बारालाच
पबच्या खिडकीत बसू लागला,
सगळ्या गावाला दिसेल असा.
मी पाहिलंय, दुसरा ग्लास कुंडीत जायचा.

आळस म्हणाले. पोरींचा नाद म्हणाले.
डोक्यात हवा गेली, असंही.
अकरा वर्षं घातलेला ट्रेनर डिलविन
त्याला बघून रस्ता ओलांडायचा,
आणि मेला तेव्हा त्याच्या खिशात
ठरत आलेल्या किताबी लढतीचं कात्रण होतं,
घडीवर फाटलेलं.
तेव्हाही मी नाडीच बघितली.

पस्तीस वर्षं झाली.
तो फॉर्म माझ्या कपाटात आहे, सहीची जागा कोरी.
एमलिन दर शनिवारी दुसऱ्या ग्लासनंतर सुरू होतो,
"मला याच्या निम्मं जरी मिळालं असतं ना!"
गेथिन हसतो.
तो नेहमी भावाच्या डाव्या हाताला बसतो,
म्हणजे भाऊ त्याला दिसतो.

हे मी मराठीत लिहितोय
कारण या खोऱ्यात ते कुणाला वाचता येत नाही.

परवा टेबल भरलेलं होतं,
एमलिनला पलीकडची खुर्ची मिळाली.
बोलता बोलता त्यानं एक शेंगदाणा उडवला,
गेथिनच्या गालाला लागला,
तो हललासुद्धा नाही.
"बघा, बघा! एके काळी माशी पकडायचा हा!"
सगळा पब हसला.
गेथिननं दोन्ही हात वर केले, हरलो म्हणून,
आणि मान पूर्ण वळवून
शेंगदाणा कुठून आला ते
उजव्या डोळ्यानं शोधत राहिला,
गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.