हजेरी

नोंदवही माझ्याकडे आली तेव्हा आम्ही अकरा जण होतो.
अकरा आणि इनिड ट्रेगेन्झाचा कुत्रा,
जो प्रवचनभर दारात झोपायचा
आणि आशीर्वादाच्या वेळी बरोबर उठायचा.
बाक अठरा. छत तीन ठिकाणी गळकं.
खाली सफरचंदांचं खोरं, भरतीला मचूळ होणारी नदी,
आणि टास्मानियाचा तो दक्षिणवारा
ज्याच्या वाटेत आमच्याआधी कुणीच राहत नाही.
आम्ही दोन-दोन बाक सोडून बसायचो.
भांडण नव्हतं. जागा होती.

मग फेब्रुवारीत तोडणीला वानुआतूहून माणसं आली.
पहिल्या रविवारी सहा, ओल्या केसांची, कडक इस्त्रीच्या सदऱ्यांत.
पुढच्या रविवारी एकोणीस.
काल्तँग म्हणाला, आमच्या बेटावरही हीच मंडळी,
स्कॉटलंडच्याच कुणा पाळकानं लावलेलं रोप.
मी म्हटलं, या, बसा.
ते बसले,
एवढे रिकामे बाक सोडून
थेट आमच्या खांद्याला खांदा लावून.

पुढचं सगळं वहीत आहे.
सूर पियानोनं द्यायचा की लेइवियाच्या गळ्यानं.
मुलांनी प्रार्थनेत पळावं का.
उपासनेनंतर चहा-बिस्किटं, की केळीच्या पानातला भात,
ज्याच्या वासानं शेवटचं भजन नेहमी घाईत संपतं.
व्हिव्हियन पायबस म्हणाला,
आपल्याच घरात आपण पाहुणे झालो.
हे वाक्य मी लिहिलं, खोडलं,
आणि खाडाखोड दिसते म्हणून पुन्हा लिहिलं.

बाकांची सभा जुलैत झाली. पारा दोनवर, हीटर एकच.
ठराव असा, की बाक काढावेत, खुर्च्या आणाव्यात,
प्लॅस्टिकच्या, एकावर एक रचता येणाऱ्या, स्वस्त.
दोन्ही बाजूंचे हात वर जात होते.
इनिड उठली. आम्ही समजलो, आता बापाचं नाव निघणार,
त्यानंच रंधून स्क्रूनं जमिनीला ठोकलेले ते बाक.
ती म्हणाली, माझा उजवा कान लहानपणी गेला,
डावा गेल्या हिवाळ्यात. कुणाला सांगितलं नव्हतं.
भजन मला ऐकू येत नाही.
पण ही पोरं खालचा सूर लावतात ना,
तो लाकडातून येतो.
मणक्यातून वर चढतो, इथपर्यंत.
खुर्चीत बसवलंत तर मी बहिरी होईन.

कुणी काही बोललं नाही.
लेइवियाला हे भाषांतर होऊन थोडं उशिरा कळलं,
म्हणून ती एकटीच, उशिरा, हसली,
आणि डोळे पुसत म्हणाली, टँक्यू तुमास.
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

तीन बाक राहिले. बाकी खुर्च्या, निळ्या.
बसल्यावर माणसं दोन उंचीची दिसतात
आणि फोटो कधीच नीट येत नाही.
खालच्या सुराचे चौघे आता इनिडच्या बाकावर बसतात,
दोघे इकडे, दोघे तिकडे.
ती मध्ये डोळे मिटून, पाठ टेकून.

पायबस मात्र गेला. नदीपलीकडच्या मंडळीत.
मी दोनदा जाऊन आलो. त्यानं मधाची बाटली दिली, उत्तर दिलं नाही.
प्रभुभोजनाचं तबक चाळीस भोकांचं आहे.
माणसं मोजून प्याले भरायची माझी सवय,
तरी दर वेळी एक जास्त भरला जातो.
कधी मी भरतो, कधी काल्तँग,
आम्ही त्यावर बोलत नाही.
नंतर तो कोणीतरी पोर पिऊन टाकतं
आणि ओठ जांभळे करून बाहेर पळतं.

वहीत आज: हजर, त्रेपन्न.
पायबसच्या नावापुढे गैरहजर लिहायला हवं.
रकाना छोटा आहे.
मी पेन टेकवतो, शाईचं एक टिंब उमटतं,
ते तेवढंच ठेवून
पान उलटतो.